वाकड्या दाताची करवत

१

बुधवारी सकाळी रेग ट्रिफिटला आपल्या मेंढ्यांच्या पाण्याच्या हौदाशी गरुडाची मादी मरून पडलेली दिसली. पंख पसरलेले, दोन्ही पायांच्या मुठी घट्ट आवळलेल्या, शेपटीखाली हिरवट घाण. अंगावर जखम म्हणाल तर एक ओरखडा नाही. रेगनं टोपी काढली, जरा वेळ तसाच उभा राहिला, टोपी परत घातली आणि घरी येऊन पहिला फोन डेल्मा पायबसला लावला.

“डेल, एक मेलंय इथं.”

“कोण?”

“इव्होरची लाडकी. तीही माझ्याच हौदाशी. दुसरी जागा मिळाली नाही तिला.”

“हात लावलास?”

“नाही. पण लावला काय अन् न लावला काय! दुपारपर्यंत अख्खं हॅडो गाव म्हणेल, रेगनंच मारली.”

रेगचा अंदाज थोडा चुकला. लोक अकरालाच म्हणायला लागले.

त्याला कारणही होतं. गेल्याच महिन्यात गावच्या हॉलमध्ये, चहाचा कप बशीवर आपटत रेग म्हणाला होता, “अजून एक कोकरू उचललं ना त्या पाखरानं, तर मी बघून घेईन.” हे वीस जणांनी ऐकलं होतं आणि सांगताना त्यांचे चाळीस झाले होते.

तीन वर्षांपूर्वी हॅडो तळ्याभोवतीच्या अकरा जमीनमालकांनी एका कागदावर सह्या केल्या होत्या. गवत फस्त करणाऱ्या वॉलाबी, म्हणजे कांगारूची छोटी जात, मारायच्या तर तांब्याच्या गोळीनं, शिशाच्या नाही. शिशाची गोळी हाडावर आपटून फुटते, तिचा चुरा मांसात राहतो, मेलेली वॉलाबी रानात पडते आणि गरुड ती खातो. वॉलाबी एकदाच मरते, पण शिसं पुढच्याच्या पोटात काम चालू ठेवतं. हे सगळं घरोघर जाऊन पटवलं ते इव्होर लॅव्हेलनं. इव्होर हा निवृत्त शाळामास्तर, आणि गरुडांच्या घरट्याची टेकडी त्याच्या कुंपणाच्या पलीकडेच होती. सगळ्यांनी शिशाच्या गोळ्यांच्या पेट्या हॉलमध्ये आणून टाकल्या. रेगनं कुरकुर केली, तांब्याला शिव्या घातल्या आणि सही केली.

या अकरा जणांच्या समितीची सचिव होती डेल्मा. दुसऱ्या कुणाला ते काम नको होतं म्हणून. चौतीस वर्षं तिनं गावात मटणाचं दुकान चालवलं होतं. बाईमाणसानं कसाईकाम करू नये म्हणणारे पुढं तिच्याच दुकानापुढं रांगेत उभे राहिले. आता ती पासष्टीची होती, दुकान बंद होऊन चार वर्षं झाली होती, पण समोरच्याकडे बघायची तिची नजर अजून तशीच होती. हा माणूस नेमकं काय मागायला आलाय आणि काय घेऊन जाणार आहे, हे तिला आधीच कळायचं.

इव्होरचा फोन साडेअकराला आला.

“घरट्यात सहा आठवड्यांचं पिल्लू आहे, डेल्मा. आता नर एकटा काय काय करणार? शुक्रवारच्या बैठकीत ठराव मांडतोय मी. त्या खुन्याचा वॉलाबी मारायचा परवाना काढून घ्या असं वन्यजीव खात्याला लिहायचं. नऊ जण माझ्या बाजूनं आहेत.”

“खुनी कोण ते ठरलं वाटतं.”

“तुला शंका आहे?”

“मला दोन दिवस हवेत.”

“शुक्रवार सात वाजेपर्यंत आहेत,” असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

परवाना गेला म्हणजे काय होणार, हे सांगायला डेल्माला कुणी नको होतं. वॉलाबी मारता आल्या नाहीत तर डिसेंबरपर्यंत रेगच्या कुरणात गवताची काडी उरणार नव्हती. कोकरांसकट कळप बाजारात न्यावा लागला असता, आणि सत्तरीच्या माणसानं कळप एकदा विकला की तो पुन्हा उभा करत नाही. रेग चिडका होता, फाटक्या तोंडाचा होता. पण दिलेला शब्द मोडणारा होता का? डेल्माला ते माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना ठरावाला हात वर करायची तिला सवय नव्हती.

२

खात्याची परवानगी घेऊन डेल्मानंच गरुडाची मादी आपल्या गाडीच्या मागच्या बाजूला ठेवली आणि दीड तासावरच्या शहरात डॉक्टर अंजाकडे नेली. अंजा प्राण्यांची डॉक्टर, वयानं डेल्माच्या लेकीएवढी. गुरुवारी सकाळी तिनं डेल्माला आत बोलावून एक्स-रे दिव्यासमोर धरला.

“हे बघा, डेल्मा. पोटात आणि आतड्यात पांढरे ठिपके दिसतायत?”

मीठ सांडावं तसे बारीक ठिपके होते.

“शिसं?”

“शिसंच. रक्तात इतकं होतं की यंत्रानं आकडाच दाखवला नाही, नुसतं ‘जास्त’ म्हणून दाखवलं. पण हे एका दिवसाचं काम नाही. चार-पाच आठवडे थोडं थोडं खात होती बिचारी.”

“बदकांच्या शिकारीतले छर्रे असतील? की मासे पकडायच्या दोरीला लावतात ती वजनं?”

“छर्रा गोल दिसला असता. दोरीचं वजन एकच मोठा गोळा दिसलं असतं. हा रायफलच्या गोळीचा चुरा आहे, आणि तांब्याची गोळी असा चुरा करत नाही.”

तळ्याभोवती नेहमी रायफल चालवणारी माणसं दोनच होती. एक रेग, आणि दुसरा कोरी, जो बाकीच्यांच्या जमिनीवर कंत्राटानं वॉलाबी मारायचा.

“अजून एक आहे,” अंजा म्हणाली. “गळ्याच्या पिशवीत शेवटचा घास तसाच राहिला होता. वॉलाबीचं मांस आहे, पण त्यावर केस नाहीत. रानात मेलेली वॉलाबी खाल्ली तर केसांचा बोळा सापडतोच. शिवाय मांसाच्या कडा पांढऱ्या पडल्यात, सुकल्यासारख्या. तुमच्या धंद्यातलं आहे, तुम्हीच बघा.”

काचेच्या बरणीत पाठीच्या मणक्याचा एक तुकडा होता. डेल्मानं चष्मा कपाळावर चढवला. जवळचं तिला चष्म्याशिवाय जास्त नीट दिसायचं. तुकडा दोन बोटं जाडीचा, दोन्ही बाजूंनी सपाट कापलेला. कापलेल्या हाडावर बारीक रेघा होत्या, आणि दर थोड्या अंतरावर एक रेघ इतरांपेक्षा खोल गेलेली.

तिनं बरणी फिरवली. पुन्हा फिरवली.

“काय झालं?” अंजानं विचारलं.

“काही नाही. एक दिवस हे माझ्याकडे राहू दे.”

गाडीत बसल्यावर तिनं किल्ली फिरवली नाही. दुकानाच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत तिची एक जुनी, विजेवर फिरणाऱ्या पट्ट्याची करवत होती. माणसांनी खायच्या मटणाला ती कधी लावली नाही. लोक कुत्र्यांसाठी वॉलाबी आणायचे, तेवढ्यापुरती ती चालायची. तिचा एक दात वाकलेला होता आणि तो दर फेरीला हाडावर एक खोल रेघ मारून जायचा. पट्टा बदलायचा बदलायचा म्हणता म्हणता वीस वर्षं गेली आणि शेवटी दुकानच बंद झालं.

गरुडाच्या गळ्यातला तुकडा डेल्मानं स्वतःच्या हातानं कापलेला होता.

३

दुकान बंद झालं त्याच आठवड्यात करवत भंगारात गेली होती. ती वितळताना डेल्मानं पाहिली नव्हती, पण भंगारवाल्यानं तिचे तीन तुकडे केलेले पाहिले होते. म्हणजे मांस किमान चार वर्षांचं, तांब्याच्या गोळीच्या सह्यांआधीचं. त्याच्या सुकलेल्या पांढऱ्या कडा सांगत होत्या की ते इतकी वर्षं कुठंतरी बर्फात पडून होतं, आणि आता कुणीतरी ते गरुडाला घालत होतं. मारायला की जगवायला, एवढाच प्रश्न राहिला होता. पण शेवटच्या हिवाळ्यात तिच्याकडे कुत्र्यांसाठी वॉलाबी कापून नेणारी घरं थोडीथोडकी नव्हती, अर्धं हॅडो होतं.

परतताना ती तळ्याकाठच्या लायनेल ओट्सच्या दुकानाशी थांबली. लायनेल गळ, दोऱ्या, जाळी विकायचा, आणि तिला बघताच त्यानं दोन्ही हात वर केले.

“मी नाही मारली! तळ्यावर बदक शिंकलं तरी माझ्या वजनांवर आळ येतो.”

“तुझी वजनं सुटली या वेळी, डॉक्टरनं सांगितलं. पण ती शिशाचीच आहेत ना अजून?”

“शिशाचीच. कथलाची आणून ठेवलीत, कुणी घेत नाही. उद्या सरकारनं बंदी घातली तर मी कथलाची विकेन, परवा लाकडाची म्हणालं तर लाकडाची विकेन. पण गिऱ्हाइकाला गोड बोलून शिकवणं माझ्या बापाला जमलं नाही, मला काय जमणार?” त्यानं काउंटर पुसायला घेतला. “रेग बिचारा खरंच अडकला का गं?”

“तू दिवसभर खिडकीत असतोस. ती मादी कुठं उतरायची, पाहिलंस कधी?”

“पाहिलंस म्हणजे! घड्याळ लावावं तिच्यावर. रोज दहाला उतरायची, दहाच्या चहाला बोलावल्यासारखी. त्या पलीकडच्या काठाला, झाडांच्या मागं. मला वाटलं तिथं ससे असतील.”

पलीकडच्या काठाला एका बाजूला रेगचं कुरण होतं आणि दुसऱ्या बाजूला इव्होरची बाग. मधे झाडी होती, त्यामुळं नक्की कुठं ते लायनेलला सांगता येईना.

कोरी त्याच्या गाडीशी सापडला, रायफल पुसत. तिशीतला पोरगा, बोलायला धीट. डेल्मानं काही विचारायच्या आधीच त्यानं खिशातून काडतुसं काढून तिच्या हातावर ठेवली.

“बघ, डेल. सगळी तांब्याची. चावून बघ पाहिजे तर.”

“दात माझे आहेत, तेवढेच उरलेत. मारलेली वॉलाबी तू सोलतोस?”

“एका रात्रीत चाळीस पडतात. सोलत बसलो तर पुढची रात्र उजाडेल. जिथं पडली तिथं सोडतो. आणि सोलून देऊ कुणाला? मी आलो त्याला दोन वर्षं झाली, कुणी मांस मागितलं नाही. आता सगळ्यांची कुत्री पिशवीतली बिस्किटं खातात. कुत्री पण शहरी झाली.”

दोन वर्षं. म्हणजे डेल्माच्या करवतीशी कोरीची गाठ कधी पडलीच नव्हती. राहिला रेग, आणि रेगकडे त्या काळी चार कुत्री होती. वॉलाबीचे ढीग घेऊन तो दर आठवड्याला मागच्या दाराशी यायचा, हे डेल्माला स्वच्छ आठवत होतं. तिनं गाडी रेगच्या फाटकाकडे वळवली.

४

रेग मेंढीच्या पायातला काटा काढत होता. मेंढी त्याच्या गुडघ्यात आडवी, आणि तो तिच्याशी बोलत होता. डेल्मा दिसल्यावर त्यानं बोलणं थांबवलं.

“निकाल लागला?”

“रायफलची शिशाची गोळी.”

रेगनं चिमटा खाली ठेवला. “म्हणजे मीच.”

“तू वापरलीस?”

“तीन वर्षांत एक नाही. तांब्याची गोळी महाग, वाऱ्यात हलते, माझे नेम हुकतात. तरी एक नाही. सही केली होती ना.” त्याचा चेहरा लाल झाला होता. “इव्होरला तर शिशाबंदीचा कायदा हवाय. होबार्टच्या सरकारी कचेरीतल्या माणसानं येऊन माझा खिसा तपासायचा. मी म्हटलं, माणसाचा शब्द पुरत नसेल तर कायदा काय पुरणार? आता त्यालाच म्हणायला झालं, बघा, रेगचा शब्द.”

“तुझा फ्रीझर दाखव.”

“काय?”

“मांस साठवायचा फ्रीझर, रेग.”

“फ्रीझर माझ्याकडे होता कधी? स्वयंपाकघरात बर्फाचा एक कप्पा आहे, त्यात वाटाणे मावतात. माझी कुत्री ज्या त्या आठवड्याचं ताजं खायची.”

“मग ते ढीग? त्या शेवटच्या हिवाळ्यात दर आठवड्याला सहा-सात वॉलाबी आणायचास माझ्याकडे.”

रेगनं मेंढीला सोडलं. ती उठून लंगडत कळपाकडे गेली, आणि तो तिच्याकडे बघत राहिला.

“त्या माझ्या कुत्र्यांच्या नव्हत्या गं. इव्होरच्या पेगच्या होत्या. ती आजारी पडली, इव्होरला बंदूक धरता येत नाही, आणि पाच कुत्र्यांचं खाणं कोण आणणार? मी मारायचो, तुझ्याकडे टाकायचो, ती घेऊन जायची. नंतर मेमध्ये ती गेली, आणि कुत्री तिच्या भाचीकडे गेली.”

डेल्माला एकदम इव्होरच्या बायकोचा, पेग लॅव्हेलचा, आवाज ऐकू आला. मागच्या दाराशी, गळपट्टा नाकापर्यंत ओढून उभी असलेली पेग. “दोन बोटं जाड काप हं, डेल. त्याहून मोठं नको. माझी म्हातारी कुत्री तसंच गिळते.” बाकी सगळे मोठे मोठे तुकडे करून न्यायचे. दोन बोटं जाडीचे तुकडे हॅडोत एकच बाई मागायची.

“डेल? काय झालं? बस जरा.”

“नको. मला पलीकडे जायचंय.”

“इव्होरकडे? त्याला सांग, उद्या मी हॉलमध्ये येणार आहे. पळून नाही जाणार.”

५

इव्होरनं दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात वही होती. खिडकीत दुर्बीण घरट्याकडे रोखलेली होती. कुणीही झाडाजवळ जायचं नाही, गाड्या टेकडीखाली थांबवायच्या, पिल्लं उडेपर्यंत गरुडांना खाऊ घालायचं नाही, असे सात नियम त्यानंच लिहून हॉलच्या भिंतीवर लावले होते. चौथा नियम खाऊ न घालण्याचा होता.

“त्याची बाजू घ्यायला आलीस?” त्यानं विचारलं.

“रोज दहा वाजता तू काय करतोस, इव्होर?”

त्याचा चेहरा वर्गात कॉपी करताना सापडलेल्या मुलासारखा झाला. “चहा घेतो.”

“कुणाबरोबर?”

तो खुर्चीत बसला, वही मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे न बघता बोलायला लागला.

“ऑक्टोबर आठवतोय तुला? वीस दिवस पाऊस आणि गारा. नराला काही मिळत नव्हतं, रिकामा यायचा. मादी पिल्लावरून उठत नव्हती. मी इथून बघत होतो, डेल्मा. ती वाळत चालली होती. गेल्या वर्षीचं पिल्लू असंच गेलं. मी कुंपणाच्या खुंटावर दोन तुकडे ठेवले. ती आली, तिथंच खाऊन गेली. मग मी रोज ठेवायला लागलो. चौथा नियम मीच लिहिला, मला ठाऊक आहे. तो मोडला ते मी मान्य करतो. पण पिल्लू जगलं ना!”

“तुकडे कुठले?”

“शेडमधल्या फ्रीझरमधले. पेगनं भरून ठेवलेले. टाकून द्यायचं जिवावर आलं, आणि कुत्री नसल्यावर...” तो थांबला. डेल्मानं बरणी टेबलावर ठेवली होती.

“हा तुझ्या मादीच्या गळ्यात होता. हे कापलंय मी, माझ्या जुन्या करवतीनं, पेगसाठी. चार वर्षांपूर्वी. त्या वॉलाबी कुणी मारल्या होत्या, आठवतंय?”

“रेगनं. पण तेव्हा तर सगळेच...”

“तेव्हा सगळेच शिसं वापरायचे. आपण सगळ्यांच्या पेट्या गोळा केल्या, इव्होर. तू घरोघर गेलास, कपाटं उघडायला लावलीस, कोटांचे खिसे उलटे केलेस. फ्रीझर कुणी उघडला नाही. शिसं बर्फात टिकतं.”

इव्होर बरणीकडे बघत राहिला. डेल्माला त्याची इतकी दया आली की क्षणभर वाटलं, बरणी उचलावी आणि मुकाट घरी जावं. पण पलीकडे रेग उद्याची वाट बघत बसला होता.

“नर खात नाही ते,” इव्होर हळूच म्हणाला. “तो आपला लांब जाऊन शिकार आणतो. पिल्लाला तोच भरवतो बहुतेक. खुंटावरचं मादीच खायची, घरट्याजवळ मिळतं म्हणून. मी वहीत लिहिलंय सगळं. रोजचं.” तो एकदम उठला. “पण आता तो एकटा आहे. जवळचंच उचलेल.”

“आज ठेवलंस?”

“दहालाच ठेवलंय.”

दोघं बागेतून पळाले, म्हणजे त्या वयात जेवढं पळता येतं तेवढे. वाळलेल्या निलगिरीच्या शेंड्यावर नर बसला होता आणि मान वाकवून खाली बघत होता. खुंटावर दोन तुकडे तसेच होते, बर्फ वितळून ओले झालेले. इव्होरनं ते उचलून कोटाच्या खिशात कोंबले. नरानं पंख उघडले, तळ्यावरून एक वळण घेतलं आणि लांब डोंगराकडे निघून गेला. इव्होर खुंटाला धरून उभा राहिला आणि रडला. डेल्मानं त्याला रडू दिलं.

६

शुक्रवारी सातला हॉल भरला होता. रेग मागच्या भिंतीला टेकून उभा होता, पोलिसाला शरण आल्यासारखे हात समोर बांधून. टेबलावर सँडविच होते, त्यांना कुणी हात लावत नव्हतं.

डेल्मानं बरणी दाखवली, एक्स-रे दाखवला आणि करवतीच्या दातापासून फ्रीझरपर्यंत सगळं ओळीनं सांगितलं. कापणारी आपणच होतो हे तिनं पहिल्यांदा सांगितलं, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी तिच्याकडे बोट दाखवायच्या तयारीत बसायला नको. फ्रीझर कुणाचा ते तिनं सांगितलं नाही. ते सांगायला इव्होर उठला.

“फ्रीझर माझा,” तो म्हणाला. “मीच खाऊ घातलं. रेगला मी फोनवर, तुम्हा सगळ्यांशी बोलताना खुनी म्हणालो. माझा ठराव मी मागं घेतो. रेगनं आपली सही पाळली. मी माझा नियम मोडला.”

लायनेल उठला.

“एक विचारू? रागावू नका. माझ्या शेडमध्ये पण फ्रीझर आहे. त्यात काय आहे, मला माहीत नाही.”

“माझ्याही,” पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली. मग आणखी एक, आणि आणखी एक. अकरापैकी सात.

“तरी मी म्हणत होतो, कायदा हवा,” इव्होर पुटपुटला.

“कायद्यानं तुझा फ्रीझर उघडला असता?” मागून रेगचा आवाज आला.

“नसता. पण वीस वर्षांपूर्वी केला असता तर त्यात शिसंच आलं नसतं.”

रेग भिंतीपासून सरकून पुढं आला. त्यानं टोपी घातली.

“उद्या आठला सगळं माझ्या वरच्या कुरणात आणा,” तो म्हणाला. “खड्डा मी खणतो. खोल खणायला हवा, नाहीतर रानातले डेव्हिल, ती मढं खाणारी जनावरं, उकरून काढतील आणि मग तेही मरतील.”

७

शनिवारी आठला रेगनं खणायचं यंत्र आणून पुरुषभर खोल खड्डा खणला होता. सात घरांचं मांस टाकून झालं, लोक निघून गेले. शेवटी इव्होरची गाडी आली. त्यात चौसष्ट पिशव्या होत्या.

इव्होर एक एक पिशवी काढून डेल्माला द्यायचा, डेल्मा रेगला द्यायची आणि रेग ती खड्ड्यात टाकायचा. पहिल्या पाच-सहा झाल्यावर रेग थांबला. त्यानं पिशवीवरचा बर्फ अंगठ्यानं पुसला. खाली पेगच्या अक्षरात तारीख होती, आणि तारखेखाली लिहिलेलं होतं, ‘रेगनं दिलेलं.’

त्यानं पुढची पुसली, मग त्याच्या पुढची.

“सगळ्यांवर आहे?”

“सगळ्यांवर,” इव्होर म्हणाला. “कुणी काय दिलं ते ती लिहून ठेवायची. आभार मानायचे राहू नयेत म्हणून.”

रेगनं हातातली पिशवी खाली सोडली. उरलेल्या पिशव्या तो हळूहळू टाकायला लागला, आणि प्रत्येकीवरचा बर्फ पुसून मगच टाकायचा. डेल्माला घाई करावीशी वाटली नाही. शेवटची पिशवी गेली तेव्हा ऊन बरंच वर आलं होतं. टेकडीवर नर काहीतरी पायात धरून घरट्याकडे चालला होता, लांबूनच ते सशाएवढं दिसत होतं.

“रेग,” इव्होर म्हणाला, “काल सगळ्यांसमोर बोललो. पण तुझ्याशी वेगळं बोलायचं राहिलं. मी तुला खुनी म्हणालो.”

रेग यंत्राच्या पायरीवर चढला आणि आत बसला. किल्लीवर हात ठेवून त्यानं खड्ड्याकडे पाहिलं, मग डेल्माकडे, मग इव्होरकडे.

“ते खोटं नव्हतं रे,” तो म्हणाला. “मला एकट्याला म्हणालास, एवढंच चुकलं.”

आणि त्यानं यंत्र चालू करून माती लोटायला सुरुवात केली.